मुंग्यांचं स्टार्टर किट: डबा भारी, खुराक बेकार

डबा घ्या, खाऊ घेऊ नका. एवढंच वाचून जायचं असेल तर जावा खुशाल, पुढचं सगळं त्याचंच पुराण आहे.

ऑनलाइन मागवलेलं मुंग्या पाळायचं किट आहे हे, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण त्यांच्याशी माझं भांडण अजून चालू आहे. किंमत तेराशेच्या आसपास. आत ॲक्रिलिकचा डबा, दोन काचेच्या टेस्ट ट्यूब, कापूस, लाल फिल्म, चिमटा, एक प्लास्टिकचा फीडर, सुकवलेल्या अळ्यांचं पाकीट, 'हाय प्रोटीन' जेलीचे कप, मधाच्या पुड्या आणि पावडरची एक डबी. मुंग्या येत नाहीत ह्यात, त्या आपल्या आपण बघायच्या. कोल्हापुरात ते काय अवघड नाही, वळीव पडून गेला की रस्त्यावरच्या लाइटखाली पंखवाल्या मुंग्यांचा खच असतो, त्यात काळ्या मुंगळ्याची राणी लगेच ओळखू येते, पाठ जाड, पोट मोठं आणि पंख गाळून लपायला फट शोधत फिरत असते. मुंगळा म्हणजे पुस्तकात कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस म्हणतात तो. पोरानं तशी एक धरून आणली आणि मग हट्टानं हे किट आलं. आता ऑक्टोबरात डब्यात राणी, आठ-दहा कामकरी आणि थोड्या अळ्या, म्हणजे मुंग्यांचीच पिल्लं, आहेत. एवढाच संसार. हे डोक्यात ठेवा कारण सगळा घोळ ह्या आठ-दहा आकड्यातच आहे.

डब्याला नावं ठेवायला खरंच जागा नाही. झाकण घट्ट, हवेच्या भोकांची जाळी बारीक, बाजूच्या भोकात टेस्ट ट्यूब (तळाशी पाणी, त्याला कापसाचा बोळा आणि पुढं राणीचं घर) नेमकी बसते, कुठं गॅप राहात नाही. लाल फिल्म ट्यूबला गुंडाळली की आपल्याला आतलं दिसतं आणि त्यांना अंधार वाटतो, मुंग्यांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही म्हणून ही आयडिया चालते. चिमटा तर एक नंबर, टोक वाकडं आणि पकड इतकी हलकी की अळी उचलली तरी फुटत नाही. बायको त्यानं मुलाच्या बोटातला काटा काढते.

आता खुराक. सोबत जे पत्रक येतं त्यातली पहिलीच ओळ अशी की राणीला पहिल्या दिवसापासून रोज प्रोटीन आणि मध द्या. अरे बाबांनो! मुंगळ्याची राणी एकदा पंख गाळून कोंडून बसली की पहिल्या कामकरी बाहेर येईपर्यंत काही खात नाही, उडायला लागणारे छातीतले स्नायू आता तिच्या काही कामाचे नसतात, ते आणि अंगातली चरबी वापरून ती पहिल्या खेपेच्या अळ्या वाढवते. तिला ह्या काळात लागतं ते पाणी, अंधार आणि कुणी न छेडणं. पत्रकाप्रमाणं रोज कापूस काढून आत थेंब ठेवत बसलं तर रोज हादरा बसणार, आणि घाबरलेली राणी सरळ स्वतःची अंडी खाऊन मोकळी होते. मग लोक म्हणतात राणीच खराब निघाली. आता सगळ्या जातीच्या राण्या अशा असतात असं पण नाही, उडी मारून शिकार करणारी हार्पेग्नाथोस आपल्या देशात सापडते, तिची राणी सुरुवातीला स्वतः शिकारीला बाहेर पडते, तिला खायला द्यावंच लागतं. म्हणजे पत्रकात आधी मुंगी कुठली एवढं तरी विचारायला पाहिजे होतं की नाही? सरसकट एकच ओळ छापून टाकलीय.

पुढं फीडर. उलटी बाटली आणि खाली गोल खोबण, खोबणीतलं साखरपाणी संपेल तसं वरून उतरतं असा हिशोब. दिसायला झकास. पण बाटलीत पाण्याच्या वर हवा असते, आणि आमची वरची खोली पत्र्याची, सध्या ऑक्टोबर हीटनं दुपारी पत्रा तापला की ती हवा फुगते आणि साखरपाणी खोबणीच्या बाहेर ढकलते. संध्याकाळी बघावं तर डब्याच्या तळाशी चिकट थारोळं. मुंगीला मुताचा पूर म्हणतात तो शब्दशः. त्यात पहिल्या खेपेच्या कामकरी आकारानं बारक्याच असतात कारण एकट्या राणीनं अंगातलं झिजवून वाढवलेल्या, त्या त्यात अडकल्या की सुटत नाहीत. हजार मुंग्यांच्या कॉलनीत दोन बुडाल्या तर कुणाला कळणार पण नाही, दहात दोन गेल्या तर कामाला जाणारा पाचवा हिस्सा गेला आणि अळ्यांना भरवणारं कोण उरलं मग.

सुकवलेल्या अळ्यांबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळेच विक्रेते ह्या गळ्यात मारतात. पूर्ण वाढलेल्या मुंगीची कंबर बघा, दोऱ्यासारखी. तिच्यातून घट्ट घास पोटात जातच नाही. कामकरी मुंगी कीटक चावते, चघळते, त्याचा रस पिते आणि उरलेला चोथा तोंडातल्या एका बारक्या खिशात दाबून त्याची गोळी करून थुंकते, डब्याच्या कोपऱ्यात त्या गोळ्या सापडतात भिंगातून बघितलं तर. काही जातींत अळ्यांच्या पुढं घट्ट तुकडा ठेवला तर अळ्या तो खातात पण मुंगळ्याच्या अळ्यांना बहुतेक करून कामकरी तोंडातला पातळ घासच भरवतात. म्हणजे सगळा खेळ रसाचा. आणि ह्या पाकिटातली अळी म्हणजे नुसतं कडक टरफल, रस नावाला नाही! वरून ती अख्खी, आणि आमच्या बारक्या मुंग्यांच्या जबड्याला ते कवच फुटतच नाही, दोघी-तिघी तिच्याभोवती फिरतात, मिशा लावतात आणि निघून जातात. कोमट पाण्यात भिजवून ब्लेडनं चिरली तर थोडं चाटतात, पण मग त्यापेक्षा ताजं काय वाईट.

जेलीचा किस्सा तर भारीच झाला. पार्सलमध्ये एक कप फुटून आलेला, खोकं दाराशी राहिलं आणि तासाभरात घरातल्या फुकटच्या लाल मुंग्यांची रांग उंबऱ्यापासून खोक्यापर्यंत. म्हणजे चव नापास नाही! पण घरातल्या मुंग्या हजारोंनी, एकीला वास लागला की ती वाटेवर खूण सोडत जाते आणि पाठोपाठ सगळं गाव येतं, कप संध्याकाळपर्यंत चाटून साफ. आमच्या डब्यात बाहेर पडणारी मुंगी एक, फार तर दोन. त्यांनी कपातला टाचणीच्या टोकाएवढा भाग खाल्ला आणि बाकीच्या कपावर आपल्या इथल्या श्रावणातल्या दमट हवेत दोन दिवसांत पांढरी लव आली, मग हिरवी. मोठ्या कॉलनीचा डबा छोट्या कॉलनीपुढं ठेवला की असंच होणार, नव्वद टक्के नासणार आणि नासलेलं त्या बंद डब्यात बुरशी पसरवणार. कप अख्खा ठेवा असं पत्रकात चित्र काढून दाखवलंय वर.

आणि ते हाय प्रोटीन. कोल्हापुरात राहून मी खुराकाला नावं ठेवणार नाही पण हे म्हणजे बालवाडीतल्या पोराला पैलवानाचा खुराक लावल्यागत आहे. प्रोटीन लागतं ते मुख्यतः अळ्यांना आणि अंडी घालणाऱ्या राणीला, कामकरी मुंगी चालते ती साखरेवर. ऑड्री द्युसुतूर आणि स्टीफन सिम्पसन ह्यांनी २०१२ साली युरोपातल्या काळ्या बागमुंगीवर केलेला अभ्यास आहे, प्रोटीन जास्त आणि साखर कमी अशा आहारावर ठेवलेल्या कामकरी लवकर मेल्या आणि कॉलन्या ढासळल्या. ती जात आपल्याकडची नव्हे हे मान्य, पण मुंगळ्याच्या बाबतीत तर अजून एक गोष्ट आहे, कॅम्पोनोटस जातींच्या शरीरात ब्लॉकमानिया नावाचे बॅक्टेरिया असतात, ते टाकाऊ नायट्रोजन परत वापरून अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनच्या विटा, बनवून देतात, म्हणजे ह्यांचं तर थोडक्या प्रोटीनवरपण भागतं. आणि अळ्या नसतील किंवा सगळ्या कोषात गेल्या असतील तर कॉलनी प्रोटीनला तोंडच लावत नाही. लोक घाबरतात मुंग्या जेवत नाहीत म्हणून, अहो भरवायला बाळच नाही घरात तर कशाला आणतील.

जेवलेत का नाही हे बघायची खरी जागा डबा नव्हे, पोट. मुंगीला दोन पोटं असतात असं समजा, एक स्वतःचं आणि त्याच्या आधी एक सगळ्यांचं. बाहेर गेलेली ते सगळ्यांचं भरून आणते आणि आत आल्यावर तोंडाला तोंड लावून वाटते. ट्यूबमध्ये भिंग लावून बघा एकदा, आल्याआल्या आतली एक तिच्या तोंडावर मिशांनी टपटप करते, बाहेरून आलेली जबडा उघडते आणि दोघींच्या मध्ये चकाकणारा थेंब दिसतो, दोघी गप उभ्या. पोटाच्या काळ्या पट्ट्या फाकून मधली फिकट कातडी दिसायला लागली की समजायचं भरलंय. आठ जणींच्या घरात एक भरून आली की बरेच दिवस कुणी बाहेर फिरकत नाही आणि आली तरी बहुतेक रात्री, आपण झोपल्यावर. सकाळी बघून खाल्लंच नाही म्हणून परत नवीन खाऊ, परत ट्यूब हलवली, परत उजेड. पत्रकात हे एक वाक्य टाकलं असतं तर किती कॉलन्या वाचतील.

मग आम्ही काय देतो. साखर एक भाग पाणी तीन-चार भाग, त्याचा मसुराएवढा थेंब प्लास्टिकच्या तुकड्यावर, ट्यूबच्या तोंडाजवळ. संपला तर संपला, नाही तर दुसऱ्या दिवशी तुकडाच उचलायचा, डबा धुवायची गरज नाही. मध द्यायचा तर पाणी घालूनच, नुसता मध बारक्या मुंगीला चिकटून बसतो. आता आपल्या गावात राहून गुळाचं पाणी दिलं नाही असं कसं होईल, आवडतं त्यांना, साखरेच्या थेंबाशेजारी ठेवलं तर आधी तिकडं वळतात आमच्या तरी. फक्त पिवळाधमक गूळ घेऊ नका, रंग उजळायला हायड्रॉस घालतात काही ठिकाणी, काळपट बघून घ्या, आणि गुळाचं पाणी लगेच आंबतं म्हणून रोजचं रोज करायचं आणि उरलेलं आपण प्यायचं. प्रोटीनला पिकलेल्या केळ्यावरची चिलटं. बाटलीत केळ्याचा तुकडा टाकून तोंडाला कागदाचं नरसाळं लावलं की आत जातात आणि बाहेर येत नाहीत, बाटली तशीच फ्रीजरमध्ये, दुसऱ्या दिवशी एखाद-दुसरं चिलट चिमट्यानं ठेवायचं. एवढं पुरतं. बारीक, मऊ आणि रसाचं. कधी उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा मोहरीएवढा कण.

किटवाल्यांची जेली परवडत नसेल तर घरी करायची एक जुनी रेसिपी आहे, १९७० साली भटकर आणि व्हिटकॉम्ब ह्या दोघांनी दिलेली, जगभर प्रयोगशाळांत अजून वापरतात. एक अंडं, ६२ मिली मध, ५ ग्रॅम अगर म्हणजे आपलं चायना ग्रास, अर्धा लिटर पाणी आणि व्हिटॅमिन-मिनरलची कॅप्सूल. निम्म्या उकळत्या पाण्यात चायना ग्रास विरघळवायचं आणि गार व्हायला ठेवायचं, बाकीचं उरलेल्या पाण्यात फेटून मग त्यात मिसळायचं. भटकर हे नाव वाचून ऊर भरून येतो तो भाग वेगळा, पण एका घाण्यात अर्धा लिटरच्या वर जेली होते, आठ मुंग्यांना सात जन्म पुरेल. केलीच तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि नखाएवढा तुकडा काढून द्या.

ताज्या अळ्या पाहिजेत म्हणून मी गावातल्या एका शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो, पक्ष्यांसाठी जिवंत मीलवर्म ठेवतात ते. मालक आधी हसायलाच लागले, "मुंग्यांस्नी? लोकं खडू मारत्यात आनि तुमी खायला घालताय व्हय?" पण माणूस जाणकार निघाला. "मामा, अख्खी अळी जड जातीय त्यांना" म्हटल्यावर स्वतःच सांगितलं की डोकं कापून दे, आतलं मऊ त्यांना लगेच मिळतं, आणि नुकती कात टाकलेली पांढरी अळी निवडून दिली, तिचं कवच मऊ असतं. पैसे किती तर दहा रुपये आणि वर मूठभर कोंडा फुकट. किटमधल्या पाकिटापेक्षा हे केव्हाही सरस. ह्या दुकानाला माझ्याकडून पाचपैकी पाच.

एक गोष्ट किटवाल्यांच्या हातात नाही पण पत्रकात ठळक पाहिजे होती. घरात प्लगमधलं मच्छर लिक्विड चालू असेल त्या खोलीत डबा ठेवू नका, त्यात पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं आणि ते डास आणि मुंगी असा भेदभाव करत नाही. स्प्रे मारून पडलेलं झुरळ किंवा डास उचलून खायला घालणं म्हणजे तर थेट विष, कारण वर सांगितलं तसं एकीनं खाल्लेलं सगळ्यांच्या पोटात जातं, राणीसकट. उसाच्या रानातून धरून आणलेले टोळ-नाकतोडे पण नकोत, फवारणी कधी झालीय कोण सांगणार. आणि मुंग्या मरगळल्या की भूकच असते असं नाही, आधी ट्यूबमागचं पाणी बघा. तहानेनं जास्त जातात.

ती पावडरची डबी म्हणजे डब्याच्या काठाला लावायची, मुंग्या घसरून खाली पडाव्यात म्हणून. कोरड्या हवेत छान चालते. पावसाळ्यात कोल्हापुरात काय कोरडं राहतंय? पावडर दमट झाली की पाय चिकटतात आणि खरा धोका आतल्या बाहेर यायचा नव्हे, साखरेच्या वासानं बाहेरच्या लाल मुंग्या आत घुसायचा, एका रात्रीत राणीसकट सगळं संपवतात त्या. त्याला उपाय आज्जीचाच, जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे तसा अख्खा डबा वाटीवर आणि वाटी पाण्याच्या ताटलीत. खर्च शून्य.

कस्टमर केअरबद्दल फार शाई घालवत नाही. फुटलेल्या कपाचे फोटो पाठवले, उत्तर आलं की खाद्यपदार्थ परत घेत नाही. पत्रकातली राणीची चूक कळवली तर त्यांनी मला त्याच पत्रकाची पीडीएफ पाठवली. डिलिव्हरीवाला मात्र बिचारा चांगला, 'काच आहे' वाचून हातात आणून दिलं.

तर डब्याला ४ स्टार, चिमट्याला ५, खुराकाला १, पत्रकाला शून्य देता येत नाही म्हणून १. पुढं शे-दोनशे मुंग्या झाल्या तर फीडर आणि जेली कदाचित कामाला येतील, जेलीची एक्स्पायरी त्याच्या आधीच आहे ती गोष्ट वेगळी. एक-दोन महिन्यांची कॉलनी असणाऱ्यांनी हे अख्खं किट घेऊ नका, कुणाला असाच डबा नुसता सुटा मिळत असेल तर खाली सांगा, बहिणीच्या पोराला पण पाहिजे.